पंचविसावी फेरी अजून बाकी आहे

मंडळी, जुनी पत्र्याची ट्रंक उघडायला बसलं की तो दिवस हातचा गेला असं खुशाल समजावं. दोन गोष्टी शोधायला जावं आणि बावीस सापडाव्यात. त्यातली एखादी अशी निघते, की हातातलं काम तसंच राहतं आणि आपण जमिनीवर फतकल मारून बसून राहतो.

गेल्या दिवाळीनंतर मी जबलपूरला आत्याकडे गेले होते. आत्याचं घर गढ्यात. गढा म्हणजे गोंड राजांची जुनी राजधानी. राणी दुर्गावती १५६४ मध्ये ज्या राज्यासाठी लढता लढता गेली, ते हे गढा-मंडलाचं राज्य. टेकडीवर मदनमहाल, आजूबाजूला जुने तलाव आणि मधून गल्ल्याच गल्ल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथं सागरचे मराठे आले, पाठोपाठ नागपूरकर भोसले आले. पुढे १९५६ पर्यंत या मुलखाचा कारभारही नागपुराहूनच चाले. त्यामुळे इथली मराठी घरं जुनी आहेत. त्यांच्या मराठीत हिंदी कधी मिसळली, हे त्यांनाही आठवत नाही.

आत्याला तिच्या लग्नातला शालू हवा होता, म्हणून मी ट्रंक उघडली. शालू वरच सापडला. त्याच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक चपटा, जाड पुठ्ठ्याचा खोका होता. कागद सोडला तर झाकणावर चार इंजिनांचं एक भलंमोठं विमान. झाकणाचा एक कोपरा दबलेला, आणि फटीत अजून चुन्याची पांढरी भुकटी.

मी बाहेर ओरडले, “आतोबा, तुमचं विमान सापडलं!”

आतोबा ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांना ऐकायला जरा कमी येतं. पण हे त्यांना बरोबर ऐकू आलं.

हा खोका म्हणजे एक खेळ आहे. त्याचं नाव ‘बी-१७, क्वीन ऑफ द स्काइज’. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या अ‍ॅव्हलॉन हिल या कंपनीनं तो १९८३ मध्ये बाजारात आणला. कर्ते ग्लेन फ्रँक. आतोबांचे धाकटे भाऊ तेव्हा अमेरिकेत होते. ते १९८६ मध्ये सुटीवर आले तेव्हा त्यांनी हा खोका आणला. भावाला युद्धाच्या गोष्टी आवडतात, शिवाय दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी, तेव्हा हीच भेट बरी, असा त्यांचा हिशेब. जबलपूरकराला युद्ध तसं घरचंच. इथला तोफगाड्यांचा कारखाना १९०४ चा. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला तोच दुसऱ्या महायुद्धात. अर्ध्या शहराची चूल या कारखान्यांच्या भोंग्यावर पेटायची. आतोबा अशाच एका कारखान्यात होते. त्यांच्या विभागात विमानातून टाकायचे बॉम्ब भरले जात.

युद्धाचे खेळ ही काही नवी गोष्ट नाही. चतुरंग आपलंच. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना नकाशावर लुटुपुटीची लढाई खेळायला शिकवत. १९५४ मध्ये चार्ल्स रॉबर्ट्स नावाच्या अमेरिकन तरुणानं ‘टॅक्टिक्स’ नावाचा खेळ छापून तो सामान्य माणसाच्या टेबलावर आणला. अ‍ॅव्हलॉन हिल ही त्याचीच कंपनी. या खेळांत साधारण दोन खेळाडू लागतात. षटकोनी घरांचा नकाशा, शेकडो पुठ्ठ्याच्या सोंगट्या, एक जण रोमेल, दुसरा माँटगोमेरी. दोघेही सेनापती! रणगाडे सरकवायचे, पलटणी पुढेमागे करायच्या, चहा प्यायचा.

आतोबांच्या खेळाची गंमत अशी की तो एकट्यानं खेळायचा आहे. पत्त्यांत आपण ‘पेशन्स’ लावतो ना, तसा. समोर शत्रू म्हणून कोणी बसत नाही. शत्रूचं काम फासे करतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे इथं तुम्ही सेनापती नाही. तुमच्या हाती एकच विमान आणि त्यातली दहा माणसं.

१९४२-४३ सालचा काळ. इंग्लंडमधल्या तळांवरून अमेरिकेची बी-१७ विमानं दिवसाउजेडी फ्रान्स आणि जर्मनीवर बॉम्ब टाकायला जात. नियम असा होता, की ज्यानं अशा पंचवीस फेऱ्या पूर्ण केल्या त्याला घरी जायची परवानगी. खेळातही तेच. पंचवीस फेऱ्या करायच्या आणि शक्य तितकी माणसं जिवंत परत आणायची. पट पाहिला तर मधोमध विमानाचा आराखडा आहे. कुठं वैमानिक, कुठं सहवैमानिक, नाकात बॉम्ब टाकणारा आणि दिशादर्शक, मागे इंजिनियर, रेडिओवाला, पोटाखालच्या गोल बुरुजात एक, दोन्ही कुशींना एकेक आणि शेपटीत शेवटचा गनर. आजूबाजूला वर, खाली, पुढे, मागे जर्मन लढाऊ विमानांच्या सोंगट्या मांडायच्या जागा. एका बाजूला इंग्लंडपासून लक्ष्यापर्यंतच्या प्रवासाचे टप्पे.

फासे टाकून कोष्टकात पाहायचं. आज कुठं जायचं? पहिल्या फेऱ्या जवळच्या, नंतर जर्मनीत खोलवर. प्रत्येक टप्प्यावर पुन्हा फासे. शत्रूची विमानं आली का? किती, कुठल्या बाजूनं? आपला गोळा लागला का, त्यांचा लागला का? लागला तर कुठं? पंखाला, टाकीला, प्राणवायूच्या नळीला, की माणसाला? माणसाला लागला तर किती? लक्ष्यावर विमानवेधी तोफांचा मारा, मग बॉम्ब, मग तोच रस्ता उलटा. शेवटी विमान उतरवायला आणखी एक फासा. पंचवीस हजार फुटांच्या आसपास उघड्या खिडक्यांचं विमान. थंडी शून्याखाली चाळीस अंश. ऊब देणारी यंत्रणा बिघडली तर गनरची बोटं थिजतात. त्यालाही कोष्टक आहे.

खरं सांगायचं तर यात खेळाडूनं ठरवायचं फार थोडं असतं. कुठल्या गनरनं कुणावर नेम धरायचा, बिघडलेलं विमान घेऊन पुढे जायचं की मागे फिरायचं, असे दहा-वीस निर्णय. बाकी सगळं फाशांच्या हाती. सारीपाट पाहिलेल्या माणसाला हे नवं नाही. ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जाणारा मोक्षपटही असाच, शिडी लागली की वर, साप लागला की खाली. फरक एवढाच, की मोक्षपटावर खाली आलेली सोंगटी पुन्हा वर जाते. इथं गेलेला माणूस गेला. त्याच्या जागी दुसरं नाव लिहायचं.

आणि या नावांपाशीच माझी गोष्ट आहे.

खेळाबरोबर नोंदीचं पत्रक असतं. त्यावर दहा जागा, प्रत्येकीसमोर माणसाचं नाव लिहायचं. आतोबांनी त्यासाठी दोनशे पानी वही केली होती. हे ते १९९६ च्या पावसाळ्यात सुरू केलं. त्याआधीची दहा वर्षं खोका कपाटावर पडून होता. कारण साधं होतं. इंग्रजी नियमांचं पुस्तक वाचून कंटाळा आला आणि बरोबर खेळायला कुणी नाही असं वाटलं. मग एका रविवारी कळलं की बरोबर कुणी लागतच नाही!

त्यांनी दहा नावं लिहिली ती आपल्या मित्रांची. कारखान्यातले सहा, गल्लीतले चार. स्वतः वैमानिक झाले नाहीत. “मला सायकलही धड चालवता येत नाही, विमान कशाला?” म्हणून ते दिशादर्शक झाले. शेपटीतला गनर म्हणजे त्यांचे सगळ्यात जवळचे दोस्त. एकाच पाळीत, एकाच बाकावर काम करणारे. गढ्यातच पलीकडच्या गल्लीत राहायचे. आम्ही मुलं त्यांना भैयाजी म्हणायचो.

रविवारी दुपारी जेवणं झाली की आतोबा चटईवर पट मांडायचे. आत्या विचारायची, “काय हो, आज कुठं? फ्रान्स की जर्मनी?” तासाभरानं चहा घेऊन आली की तिचा दुसरा प्रश्न ठरलेला. “आले का सगळे?”

मी उन्हाळ्याच्या सुटीत तिथं जायची. १९९७ च्या मे महिन्यात मी नऊ वर्षांची होते. आतोबांनी मला फासे टाकायचं काम दिलं. मला केवढा अभिमान! मी मुठीत फासे खुळखुळवून, फुंकर घालून टाकायची आणि आतोबा कोष्टकात बोट फिरवायचे. २१ मे रोजी रात्री दिवे गेले होते, म्हणून आम्ही कंदिलाच्या उजेडात एकोणिसावी फेरी खेळलो. परतीच्या वाटेवर मागून एक जर्मन विमान आलं. मी फासे टाकले. आतोबांचं बोट कोष्टकावर फिरलं आणि थांबलं. मी पुन्हा टाकले. ते काहीच बोलले नाहीत. वही उघडून त्यांनी शेपटीच्या गनरसमोर एक काट मारली.

मी विचारलं, “भैयाजी मेले?”

“खेळात गं,” आतोबा म्हणाले.

मी परत एकदा टाकू द्या म्हणून हट्ट केला. आतोबा नाही म्हणाले. परत टाकायचं असतं तर तो खेळच राहिला नसता, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मला पटलं नाही. मी रडत झोपले.

त्याच पहाटे, २२ मे १९९७ ला, चारनंतर जबलपूरला भूकंप झाला. ज्यांनी तो अनुभवला त्यांना सांगायला नको. जवळपास चाळीस माणसं गेली, हजारो घरांना तडे गेले. आमच्या घराची मागची भिंत खचली. आत्यानं मला उचलून अंगणात आणलं. सगळी गल्ली रस्त्यावर, कुणाच्या अंगावर चादर, कुणाच्या हातात लेकरू. कोण आहे, कोण नाही, याची हाकाहाकी चाललेली. मी मात्र एकच विचारत होते, भैयाजी कुठं आहेत? मोठ्या माणसांना वाटलं, पोर घाबरलीय. माझ्या मनात काय होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. मला पक्कं ठाऊक होतं की हे माझ्या फाशांनी झालंय.

उजाडताना भैयाजी सायकलवरून आले. आमची खबर घ्यायला. त्यांना पाहिल्याबरोबर मी असा भोकाड पसरला की सगळे घाबरले. मग हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली. भैयाजी आधी चक्रावले, मग तिथंच अंगणात, पडक्या भिंतीसमोर खदखदून हसले. आतोबांना म्हणाले, “काए भैया, हमें छतरी तक नहीं दी?”

विमानातून उडी मारायला छत्री तरी द्यायचीस! त्या दिवशी आमच्या अंगणात हसण्याचा आवाज तेवढाच झाला असेल.

घर दुरुस्त व्हायला वर्ष गेलं. सामान ट्रंकांत भरलं गेलं, त्यातच हा खोका गेला. पुढे तो निघालाच नाही. आतोबा म्हणाले, वेळ झाला नाही. आत्या म्हणाली, “वेळ काय होत नव्हता! मन होत नव्हतं.”

मंडळी, मी मुंबईला परतल्यावर या विषयावर जरा वाचन केलं, आणि लक्षात आलं की नऊ वर्षांच्या मुलीला त्या रात्री जे कळलं, ते त्या काळातल्या खऱ्या विमानदळांना रोज सकाळी कळत होतं. साधा हिशेब पाहा. दर फेरीला शंभरातली चारच विमानं परत आली नाहीत असं धरू. ऐकायला चार म्हणजे काहीच नाही. पण पंचवीस फेऱ्यांचा गुणाकार केला तर शंभरातली छत्तीस उरतात. आणि प्रत्यक्षात काही दिवस चारांवर थांबत नव्हते. १४ ऑक्टोबर १९४३ ला जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवर २९१ विमानं निघाली. त्यातली ६० परत आली नाहीत. प्रत्येकात दहा माणसं. ‘मेम्फिस बेल’ नावाच्या विमानाच्या चमूनं मे १९४३ मध्ये पंचवीस फेऱ्या पुऱ्या केल्या, तेव्हा अमेरिकेत त्यांची गावोगाव मिरवणूक निघाली, ती उगाच नाही. ते विमान आता ओहायोतल्या डेटनच्या संग्रहालयात आहे.

इंग्रजांची विमानं रात्री जात. त्यांच्या बॉम्बफेकी दलात सुमारे सव्वा लाख माणसांनी काम केलं. त्यातली ५५,५७३ मेली. जवळजवळ निम्मी!

या निम्म्यांत न सापडलेला एक माणूस आपला होता. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर. आडनावावरून मुलूख सांगायला नकोच. हे लँकेस्टर विमानावर दिशादर्शक होते, म्हणजे आतोबांनी खेळात घेतलेलंच काम. अंधारात, दिवे नसलेल्या देशावरून, नकाशा, पट्टी आणि घड्याळ यांच्या जोरावर विमान नेमक्या जागी न्यायचं आणि परत आणायचं. सुखठणकरांनी अशा ४५ फेऱ्या केल्या. वरचाच हिशेब धरला तर पंचेचाळीस फेऱ्यांनंतर शंभरातले सोळा उरतात. त्या ४५ पैकी १४ फेऱ्या त्यांनी ज्या विमानातून केल्या, ते आर ५८६८ क्रमांकाचं लँकेस्टर आजही लंडनमधल्या हेंडनच्या संग्रहालयात उभं आहे. शंभराहून अधिक फेऱ्या करून टिकलेलं. लंडनला मुला-नातवंडांकडे जाणाऱ्या वाचकांनी राजवाडा पाहून झाला की एक दुपार तिकडेही काढावी. संग्रहालयाच्या ताब्यात एक लिबरेटर बॉम्बफेकी विमानही आहे. ते आपल्या हवाईदलानं दिलेलं. युद्ध संपल्यावर कानपूरला मोडीत टाकलेली अशी विमानं आपल्या लोकांनी दुरुस्त करून १९४८ पासून वापरात आणली आणि पुढे वीस वर्षं उडवली. कबाडातून गाडी चालू करायची आपली कला तेव्हापासूनची!

मी ही सगळी माहिती आतोबांना फोनवर सांगितली. सुखठणकरांचं ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पंचेचाळीस. आणि आम्हाला एकोणिसाव्यातच घाम फुटला.”

पुढच्याच महिन्यात दोन दिवसांची रजा काढून मी पुन्हा गढ्याला गेले. खोका झटकून ठेवलेला होता. सोंगट्या मोजून झाल्या होत्या. दोन कमी होत्या, तिथं आतोबांनी औषधाच्या खोक्याचे तुकडे कापून चिकटवले होते. फासे मात्र तेच. वही उघडली. शेवटच्या पानावर तारीख, लक्ष्य, आणि शेपटीसमोर काट. त्याखाली आतोबांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, “फासे : चिमणी.” चिमणी म्हणजे मी.

वहीतली दहा नावं आम्ही परत वाचली. आतोबा प्रत्येकापुढे बोट ठेवून सांगत गेले. हा निवृत्त होऊन इंदूरला मुलाकडे. हा गेला, हृदयविकार. याला दिसत नाही, पण आहे. हा २०२१ मध्ये गेला, आम्हाला जाताही आलं नाही. भैयाजी भूकंपानंतर पंचवीस वर्षं जगले. नातवंडं पाहिली, काशीयात्रा केली. गेल्या तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत झोपेतच गेले. दहापैकी आता चार आहेत, आतोबांना धरून.

“फासा कुणाचा कधी पडेल, याला कोष्टक नाही,” आतोबा म्हणाले आणि लगेच स्वतःच हसले. “हे फार शहाणपणाचं झालं. चल, मांड.”

मग रिकाम्या जागांवर कुणाची नावं लिहायची असा प्रश्न आला. मी म्हटलं, नातवंडांची लिहू या. आतोबांनी ठाम नकार दिला. “नाव लिहिलं की फासा जड होतो,” ते म्हणाले. शेवटी त्यांनी नावं लिहिलीच नाहीत, कामं लिहिली. शिंपी, टपालवाला, न्हावी, हलवाई, गणिताचे मास्तर. मला शेपटीत बसवायला तयार नव्हते. मी हट्टानं बसले. “चिमणी” असं लिहिताना त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं.

विसाव्या फेरीला जर्मनीतलं एक बंदर निघालं. जाताना फारसं काही झालं नाही. लक्ष्यावर विमानवेधी तोफांनी एक इंजिन नेलं. बॉम्ब टाकले. इथं पुन्हा फासा टाकायचा आणि कोष्टकात पाहायचं, शंभरातले किती टक्के बॉम्ब लक्ष्यावर पडले. आमचे वीस टक्के निघाले. मी “वीस टक्के” असं पत्रकावर लिहायला घेतलं, तेव्हा आतोबा म्हणाले, “उरलेले ऐंशी कुठं पडले, ते लिहायला जागा आहे का बघ.”

मी पाहिलं. नव्हती.

“खालच्यांचं कोष्टक यात नाहीच,” ते म्हणाले. “मी तीस वर्षं ते भरले. प्रत्येकाचं वजन मला पाठ आहे. कुठं पडतील ते आम्हालाही कुणी कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. तो आपला देश होता, ते आपलं काम होतं, आणि मी ते नीट केलं. पण हा खेळ खेळायला लागल्यापासून मला वरची दहा माणसं दिसली की खालचीही दिसतात. खेळानं ती दाखवलेली नाहीत, तरी.”

आतोबांच्या तोंडून कारखान्याबद्दल एवढं मी पहिल्यांदाच ऐकलं. आत्यानंही, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

खालची माणसं म्हणजे फक्त जर्मन नव्हेत. जुलै १९४३ च्या अखेरीस हॅम्बुर्गवर काही रात्रींत झालेल्या बॉम्बफेकीत ३५ हजारांहून अधिक माणसं मेली. पण ६ एप्रिल १९४२ ला जपानी बॉम्ब विशाखापट्टणमवर पडले आणि त्याच डिसेंबरात कलकत्त्यावर. म्हणजे त्या पटावर खाली आपणही होतो. खरगपूरच्या परिसरातल्या तळांवरून १९४४ मध्ये अमेरिकेची अजस्र बी-२९ विमानं जपानच्या मोहिमेवर निघाली, तेव्हा वर जाणाराही आपल्याच मातीवरून उडाला होता.

म्हणून मला वाटतं, असे खेळ मुलांना दाखवायला घाबरू नये. हल्लीच्या संगणकावरच्या खेळांत दहा मिनिटांत शंभर माणसं पडतात आणि एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नसतं. मेलो तर कळ दाबली की पुन्हा उभे. इथं एक तास लागतो, दहाच माणसं असतात आणि काट मारायला पेन्सिल आपल्याच हातात असते. सेनापतीच्या खेळात माणूस म्हणजे सोंगटी. या खेळात सोंगटी म्हणजे माणूस. फरक बारीक आहे, पण नऊ वर्षांच्या मुलीलाही तो कळतो. जरा जास्तच कळतो, हे मी स्वानुभवानं सांगते. तेव्हा बरोबर कुणी मोठं माणूस बसलेलं असावं, आणि रडू आलं तर त्याला वेडेपणा म्हणू नये.

हा जुना खोका आता सहज मिळत नाही. अ‍ॅव्हलॉन हिलचा कारभार १९९८ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या मोठ्या कंपनीकडे गेला. पण एकट्यानं खेळायचे असे पट पुन्हा निघू लागले आहेत. ‘टार्गेट फॉर टुडे’ हा याच खेळाचा पुढचा अवतार म्हणावा असा आहे. मात्र परदेशी खेळाची किंमत आणि वर टपालखर्च ऐकून महिन्याचा किराणा आठवतो. त्यापेक्षा आधी आपल्या घरातला माळा पाहा. कुणा काका-मामानं परदेशातून आणलेला, कुणालाच न कळलेला एखादा खोका तिथं असू शकतो. सोंगट्या हरवल्या असतील तर पुठ्ठा आणि कात्री आहेच. फासे सापशिडीचेही चालतात.

हं, आमची विसावी फेरी राहिली. परतीला दोन जर्मन विमानं मागून आली. म्हणजे थेट माझ्यावर. फासे टाकायचं काम माझंच होतं, पण आतोबांनी माझ्या हातातून फासे काढून घेतले आणि आत्याच्या हातात दिले. “हिच्यावर हिनंच टाकायचे नाहीत,” म्हणाले. नियमांच्या पुस्तकात असा नियम नाही. आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा ते फासे हातात घेतले, देवाचं नाव घेतलं आणि टाकले. एक विमान चुकलं. दुसऱ्याचा गोळा पंखाला लागला. तीन इंजिनांवर आम्ही इंग्लंड गाठलं. टपालवाल्याच्या दंडाला किरकोळ जखम, बाकी ठीक.

आतोबांनी वहीत तारीख लिहिली. आत्या चहा टाकायला उठली आणि स्वयंपाकघरातून, सवयीनं, तिचा तो प्रश्न आला.

“आले का सगळे?”

“आले,” आतोबा म्हणाले.

आता पाच फेऱ्या बाकी आहेत. आतोबा एकटे खेळायला तयार नाहीत. खेळ एकट्याचा असला तरी! दर रविवारी फोन येतो, “रजा कधी काढतेस?” संपादकांकडे अर्ज टाकलाय. मंजूर झाला, तर एकविसाव्या फेरीला निघू.